प्रकल्प नोंदी: बुरशीच्या बशीपासून पिंपरीच्या टाकीपर्यंत

४ जानेवारी

वाचनालयाच्या विज्ञान कोपऱ्यात २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, प्रदर्शन लावायचं ठरलं. समितीनं विषय दिला: ‘अपघातानं लागलेले शोध’. पहिल्याच बैठकीत फळा भरला. क्विनीन बनवायला बसलेल्या अठरा वर्षांच्या पर्किनच्या हाती १८५६ मध्ये लागलेला जांभळा रंग, १८९५ चे राँटगेनचे क्ष-किरण, पर्सी स्पेन्सरच्या खिशात विरघळलेलं चॉकलेट आणि त्यातून आलेला मायक्रोवेव्ह, फ्लेमिंगची बुरशी. एका शोधाला एक फलक, असे दहा फलक लावले की झालं, असा एकूण सूर होता.

मी म्हटलं, एकच शोध घेऊ आणि तो शेवटपर्यंत नेऊ. दहा फलक वाचून मुलं एवढंच घरी घेऊन जातात की अमक्याचं नशीब जोरावर होतं. अपघात एका सकाळचा असतो. ती वस्तू गल्लीतल्या मेडिकलमध्ये पोचेपर्यंत मध्ये वर्षानुवर्षं माणसं राबलेली असतात, आणि त्यांची नावं कुठल्याच फलकावर येत नाहीत. मला ती नावं लावायची आहेत.

पेनिसिलिन, म्हणजे फ्लेमिंगच्या बुरशीतून आलेलं औषध, घ्यायचं ठरलं. आपलं वाचनालय पिंपरीत, ते औषध बनवणारी एच.ए. (हिंदुस्थान अँटिबायोटिक्स) कंपनी इथून चालत जाण्याच्या अंतरावर. लंडनमध्ये सुरू झालेली गोष्ट आपल्या दारापर्यंत येते, हे समितीलाही पटलं. आठवी-नववीची मुलं मदतीला आहेत.

७ जानेवारी

फलक १, लंडन. मजकूर तयार.

सेंट मेरीज हॉस्पिटल, पॅडिंग्टन. अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून ३ सप्टेंबर १९२८ ला प्रयोगशाळेत परतले. गळवं, पुळ्या करणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूंच्या बशा जाण्यापूर्वी टेबलावर ठेवलेल्या होत्या. त्या धुवायला काढताना एका बशीत बुरशीचा ठिपका दिसला. बुरशी लागलेली बशी कुठल्याही प्रयोगशाळेत फेकूनच देतात. या बशीत मात्र ठिपक्याच्या आसपासच्या जिवाणूंच्या वसाहती विरघळल्यासारख्या झाल्या होत्या, लांबच्या जशाच्या तशा.

हे फ्लेमिंगना दिसलं याला पूर्वपीठिका आहे, आणि ती फलकावर आलीच पाहिजे असा मी आग्रह धरला. काही वर्षं आधी त्यांना अश्रू आणि नाकातल्या स्रावात जिवाणू विरघळवणारा लायसोझाइम हा पदार्थ सापडला होता. जिवाणू विरघळताना कसे दिसतात हे त्यांच्या नजरेत बसलेलं होतं. पहिल्या महायुद्धात त्यांनी सडलेल्या जखमांनी सैनिक मरताना पाहिले होते, आणि जंतुनाशकं जखमेत ओतली की जंतूंपेक्षा शरीराच्या पेशीच आधी मरतात हेही. तेव्हा ती बशी योग्य टेबलावर होती.

११ जानेवारी

आजचा दिवस हवामानात गेला आणि मला फार आवडला.

फ्लेमिंगची बशी पुन्हा करून बघायला गेलं तर सहजासहजी होत नाही. आधी जिवाणू वाढवले आणि मग बुरशी सोडली, तर त्यांना काहीच होत नाही. फ्लेमिंगबरोबर काम केलेल्या रोनाल्ड हेअर यांनी पुढे याचा पिच्छा पुरवला. पेनिसिलिन वाढत्या जिवाणूलाच मारतं. जिवाणू दोन होताना नवी पेशीभित्तिका बांधतो आणि हे रसायन नेमकं ते बांधकाम अडवतं. भिंत कच्ची राहते, आतल्या दाबानं पेशी फुटते. वाढ पुरी होऊन स्वस्थ बसलेल्या जिवाणूवर त्याचा काही इलाज चालत नाही. (माणसाच्या पेशीला अशी भिंतच नाही, म्हणून औषध आपल्याला सोसतं. हे वाक्य फलकावर ठळक अक्षरांत.)

म्हणजे बुरशी आधी वाढायला हवी, जिवाणू मागून. बुरशीला वीस अंशांच्या आसपासचा गारवा मानवतो, या जिवाणूंना अंगाएवढी ऊब. हेअर यांनी लंडनच्या हवामानाच्या जुन्या नोंदी काढल्या. १९२८ च्या जुलैअखेर आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तिथं गारठा पडला होता, नंतर ऊन आलं. बशी उबवणीच्या पेटीत न ठेवता टेबलावर राहिली होती. गारठ्यात बुरशी फोफावली, मग उन्हात जिवाणू वाढायला लागले आणि तिच्या रसात सापडले. बीजाणू बहुधा खालच्या मजल्यावरून आले. तिथं ला टूश नावाचे संशोधक बुरशीवरच काम करत होते.

मुलांनी याची कालपट्टी केली आहे: वर तापमानाची रेघ, खाली बशीची चार चित्रं. ‘अपघात’ या शब्दाच्या पोटात किती गोष्टी जुळून याव्या लागतात, ते या पट्टीवर एका नजरेत कळतं.

१५ जानेवारी

खरे जिवाणू वाढवून दाखवायचे नाहीत, हे पक्कं. मुलांच्या हाती स्टॅफिलोकोकस देण्याचा प्रश्नच येत नाही. त्याऐवजी बंद बरणीत सडलेली मोसंबी ठेवली आहेत. त्यांवर येणारी हिरवी-निळी भुकटी फ्लेमिंगच्या बुरशीच्या, म्हणजे पेनिसिलियम कुळातलीच असते. औषधाची जात ही नव्हे, हे चिठ्ठीवर लिहिलं. झाकण चिकटपट्टीनं कायमचं बंद. ‘मग बुरशी लागलेला पाव खाल्ला तर औषध पोटात जाईल का’ असं एका मुलानं विचारलं, तेव्हा दुसरी चिठ्ठीही लिहिली: जाणार नाही, विष मात्र जाऊ शकतं.

१९ जानेवारी

फलक २ आणि ३. फ्लेमिंग ते ऑक्सफर्ड.

१९२९ मध्ये फ्लेमिंगनी शोधनिबंध छापला. त्यांच्या मदतनिसांनी बुरशीच्या रसातून औषध वेगळं काढायची खटपट केली, पण ते हातात येता येता निकामी व्हायचं. पुढची जवळजवळ दहा वर्षं विषय थंडच. समितीतल्या एकांनी सुचवलं की ही दहा वर्षं गाळून टाका, रंजक नाहीत. मी फलकाचा तेवढा पट्टा कोरा ठेवला आहे, वर फक्त सालं. शोध लागला तरी औषध नव्हतं, माणसं काट्याच्या जखमेनं, बाळंतपणातल्या तापानं मरत राहिली. ती रिकामी जागा लोकांना दिसू दे.

१९३८ मध्ये ऑक्सफर्डच्या डन स्कूल या विकृतिशास्त्र विभागात अर्न्स्ट चेन यांच्या वाचनात तो निबंध आला. चेन बर्लिनचे, ज्यू, हिटलर सत्तेवर आल्यावर देश सोडून आलेले. विभागाचे प्रमुख हॉवर्ड फ्लोरी, ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडचे. आणि नॉर्मन हीटली, ज्यांच्यासाठी मी सगळ्यात मोठा फलक राखून ठेवला आहे.

२५ मे १९४०. आठ उंदरांना स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंची मरणाची मात्रा टोचली. चौघांना पेनिसिलिन दिलं, चौघांना नाही. हीटली रात्रभर प्रयोगशाळेत बसून राहिले. पहाटेपर्यंत औषध न मिळालेले चारही मेले होते, उरलेले चार जिवंत होते. दुसऱ्याच दिवशी डंकर्कहून ब्रिटिश सैन्याची सुटका सुरू झाली. फ्रान्स पडत होता, आणि जर्मन सैन्य इंग्लंडात उतरलं तर बुरशी वाचावी म्हणून या मंडळींनी आपल्या कोटांच्या अस्तरांना बीजाणू चोळून ठेवले होते. शिवणकाम येणाऱ्या एका आईनं जुन्या कोटाचं अस्तर उसवून दिलं आहे, ते फलकावर लावायचं.

२४ जानेवारी

कुंभाराकडे गेले. हीटलींचं पात्र करून घ्यायचंय.

बुरशी रसाच्या पृष्ठभागावर साय धरते आणि तिला हवा लागते, म्हणून रस उथळच ठेवावा लागतो. उथळ म्हणजे भांडी फार लागणार. युद्धात काच नाही, धातू नाही. ऑक्सफर्डमध्ये बिस्किटांचे डबे, पत्र्याचे ट्रे, जे मिळेल ते वापरून झालं. सगळ्यात सोयीचं निघालं इस्पितळातलं बेडपॅन. हीटलींनी त्यावरून चौकोनी, चपटं, आतून झिलई केलेलं चिनी मातीचं पात्र कागदावर काढलं. स्टोक-ऑन-ट्रेंट भागातल्या बर्स्लेमच्या कुंभारांनी ते घडवलं. पहिली खेप हीटली स्वतः २३ डिसेंबर १९४० ला मागून आणलेल्या गाडीतून घेऊन आले, आणि नाताळच्या दिवशी त्यांत बुरशी पेरली.

आमच्या कुंभारदादांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. ‘ताई, हे चाकावर नाही व्हायचं. पाटी थापून साच्यात बसवावं लागंल.’ मग विचारलं, तोटी एकाच बाजूला आणि तीही वरच्या अंगाला कशाला? सांगितलं: सायीला धक्का न लावता खालचा रस तोटीतून ओतून काढायचा आणि तिथूनच ताजा भरायचा. एकाच सायीवर पुन्हा पुन्हा पीक. ते ऐकून त्यांनी तोटीचा कोन आपणहून बदलला. चित्राबरहुकूम केली असती तर ओतताना सगळी साय तोंडाशी गोळा झाली असती, म्हणाले. हात फिरलेल्या माणसाला हे दिसतं. साध्या मातीचं पात्र झिरपतं, म्हणून आतून झिलई हवीच, हेही त्यांनीच सांगितलं.

ऑक्सफर्डला ही पात्रं भरायला, ओतायला, मांडायला तरुण मुली नेमल्या होत्या. ‘पेनिसिलिन गर्ल्स’ म्हणून त्या ओळखल्या जात. फलकावर त्यांचा उल्लेख हीटलींच्या शेजारीच, त्याच आकाराच्या अक्षरांत.

२९ जानेवारी

हळदीचा प्रयोग बसला!

फ्लेमिंगच्या लोकांना पेनिसिलिन टिकवून धरता आलं नाही. ते हीटलींनी धरलं. पेनिसिलिन हे सौम्य आम्ल. रस गार करून आंबट केला की ते पाणी सोडून द्रावकात जातं. ते द्रावक म्हणजे अमाइल अ‍ॅसिटेट, पिकलेल्या केळ्यासारखा वास येणारं. तिथपर्यंत बाकीचेही पोचले होते, पण द्रावकातून औषध बाहेर काढताना ते नासायचं. हीटली म्हणाले, आंबट केल्यावर द्रावकात गेलं, तर किंचित अल्कधर्मी पाण्याबरोबर घुसळल्यावर ते परत पाण्यात येईल. इतकं सरळ, की चेन यांना सुरुवातीला ते पटेना. नेमकं तेच जमलं. मग बाटल्या, नळ्या, दुधाच्या किटल्या आणि एक जुना बाथटब जोडून त्यांनी ते यंत्र बनवलं.

हे मुलांना डोळ्यांनी दिसावं म्हणून हळद घेतली. हळदीचा रंग इथाइल अ‍ॅसिटेटमध्ये उतरवला: वर पिवळा थर. खाली साधं पाणी: पारदर्शक. त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी घालून बाटली उलटीपालटी केली की पिवळा रंग बराचसा खाली पाण्यात उतरतो आणि लालभडक होतो. लिंबू-सत्त्वाचं पाणी टाकलं की फेस येतो, तो शमल्यावर हलवलं की पुन्हा पिवळा होऊन वर चढतो. मुलं ओरडलीच.

सूचना: खिडकी उघडी, जवळपास काडी-उदबत्ती नाही, बूच मधूनमधून सैल करायचं, बाटली मोठ्या माणसानंच हलवायची. सोड्याच्या पाण्यात हळदीचा रंग फार वेळ टिकत नाही, फिका पडत जातो. तेही उपयोगी पडलं, पेनिसिलिनही असंच रेंगाळलं की नासतं, आणि म्हणून हीटली सगळं गारठ्यात आणि घाईनं करत होते.

३ फेब्रुवारी

फलक ५. हा लिहिताना मजकूर अनेकदा फाडला.

अल्बर्ट अलेक्झांडर, पोलीस शिपाई, वय ४३. संसर्ग चेहऱ्यावर पसरलेला, एक डोळा गेलेला, फुप्फुसापर्यंत पोचलेला. १२ फेब्रुवारी १९४१ ला त्यांना रॅडक्लिफ इस्पितळात पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. दिवसभरात ताप उतरू लागला, नंतर भूक लागली. औषध इतकं थोडं होतं की त्यांची लघवी गोळा करून सायकलवरून प्रयोगशाळेत न्यायची, तीतून पेनिसिलिन पुन्हा काढायचं आणि पुन्हा टोचायचं. तरीही ते संपलं. आजार उलटला. १५ मार्चला ते गेले.

औषध लागू पडत होतं आणि पुरलं नाही. पुढचे रुग्ण ऑक्सफर्डच्या लोकांनी बरेचसे लहान मुलांतून निवडले, छोट्या शरीराला थोडं औषध पुरतं म्हणून. फलकावर एवढंच लिहिलं. विशेषणं काढून टाकली.

८ फेब्रुवारी

फलक ६, अमेरिका. इथं मजकूर आवरता घेतला, जागा पिंपरीला हवी.

जुलै १९४१ मध्ये फ्लोरी आणि हीटली बुरशी घेऊन अमेरिकेला गेले. इलिनॉयमधल्या पिओरियाच्या शेतकी प्रयोगशाळेत मक्याचा स्टार्च काढताना उरणारं दाट पाणी बुरशीला खाऊ घातलं आणि उत्पादन कित्येक पटींनी वाढलं. उथळ पात्रांऐवजी खोल टाकीत, हवा सोडून, ढवळत बुरशी वाढवायचं तंत्र बसलं. १९४३ मध्ये तिथल्याच बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर सरस जात मिळाली. मेरी हंट या सहायिकेचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. क्ष-किरण आणि अतिनील किरणांनी तिच्या आणखी उत्पादक जाती निघाल्या. १९४४ मध्ये फायझरचा ब्रुकलिनचा कारखाना खोल टाक्यांवर सुरू झाला, आणि जूनमध्ये नॉर्मंडीत उतरलेल्या सैन्याबरोबर पेनिसिलिन होतं.

खरबूज हा या गोष्टीतला दुसरा अपघात. पण या वेळी माणसं मुद्दाम जगभरची माती आणि सडकी फळं तपासत होती, आणि मला हा फरक मोठा वाटतो.

१३ फेब्रुवारी

एच.ए.तून निवृत्त झालेले एक काका आज आले. फर्मेंटेशनवर, म्हणजे टाकीत बुरशी वाढवण्याच्या कामावर, उभी हयात. मी वही काढली आणि ते दोन तास बोलले.

हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये पिंपरीत उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं. देशातला सार्वजनिक क्षेत्रातला हा पहिला औषध कारखाना. पुढच्याच वर्षी पेनिसिलिन निघू लागलं. त्याआधी ते बाहेरून यायचं. हे सगळं छापील कागदांतून माहीत होतं. टाकी कशी चालते, ते काकांनी सांगितलं.

‘बुरशी काय, कुठंही येते हो. ती एकटीच येईल हे बघणं म्हणजे आमची नोकरी.’ टाकी, नळ, झडपा, सगळं आधी वाफेनं निर्जंतुक. आत सोडायची हवाही गाळून. एखादा परका जिवाणू शिरला आणि तो पेनिसिलिन मोडणारा निघाला, तर अख्खी बॅच गटारात. तापमान पंचवीस अंशांच्या आसपास. बुरशी वाढताना स्वतःच तापते, म्हणून भोवती गार पाणी खेळवायचं. साखर एकदम दिली की ती नुसती अंगानं वाढते आणि औषध देत नाही, त्यामुळे थोडी थोडी सोडायची. फेस आला की तेल. रात्रपाळीत ढवळणीचा आवाज बदलला तरी आपल्याला कळायचं, म्हणाले, मीटर बघायला नंतर जायचो.

मग त्यांना हळदीची बाटली दाखवली. पिवळा रंग खाली उतरून लाल झाला तसे ते खुर्चीवरून उठले. ‘अहो मॅडम, हे तर आमचं एक्स्ट्रॅक्शन! गाळा, गार करा, आंबट करा, सॉल्व्हंटमध्ये घ्या, परत पाण्यात आणा.’ ऑक्सफर्डच्या बाथटबातली वाट पिंपरीत पोलादी यंत्रांतून चालत होती. हीटलींचं नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. हीटलींच्या फलकाचा, फलक ४ चा, कच्चा मजकूर त्यांनी उभ्यानं पूर्ण वाचला आणि फोटो काढून घेतला.

त्यांनीच आठवण करून दिली म्हणून हॅमायसिनही घेतलं: १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी इथल्याच मातीतल्या जिवाणूपासून काढलेलं बुरशीविरोधी औषध. त्या जिवाणूचं शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. एच.ए. कॉलनीत वाढलेल्या मुलांनाही हे माहीत नव्हतं. फलक ७ ला मथळा म्हणून जिवाणूचं हे नावच ठेवलं.

१८ फेब्रुवारी

नावांचा फलक. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी, चेन यांना. पारितोषिक तिघांहून जास्त जणांत वाटत नाहीत, हे खरं. हीटलींना ऑक्सफर्डनं १९९० मध्ये वैद्यकशास्त्राची मानद डॉक्टरेट दिली. विद्यापीठाच्या आठशे वर्षांत वैद्यकीय डॉक्टर नसलेल्या माणसाला ती पहिल्यांदाच मिळाली. पेनिसिलिनच्या रेणूची रचना डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी १९४५ पर्यंत उलगडली, आणि पुढच्या नव्या औषधांना तो पाया मिळाला. त्यांनी तारा आणि बुचं जोडून केलेल्या रेणूच्या नमुन्याची प्रतिकृती मुलांनी केली आहे, रेणूतलं चार अणूंचं कडं तांबडं.

२२ फेब्रुवारी

शेवटचा फलक: प्रतिकार.

डिसेंबर १९४० मध्ये, पहिल्या रुग्णाला इंजेक्शन मिळण्याच्याही आधी, अब्राहम आणि चेन यांनी पेनिसिलिन मोडणारं जिवाणूंचं विकर (एन्झाइम) सापडल्याचं जाहीर केलं होतं. आणि फ्लेमिंगनी ११ डिसेंबर १९४५ च्या नोबेल व्याख्यानात सांगितलं की कमी मात्रा घेतली तर जिवाणू मरत नाहीत, सोकावतात. हे माहीत असूनही आज सर्दीला अँटिबायोटिक मागितलं जातं. सर्दी विषाणूंची, पेनिसिलिननं अडवायची भिंत विषाणूला नसतेच. फलकाखाली रिकाम्या गोळ्यांच्या पट्ट्या लावतोय, अर्धवट सोडलेल्या. मुलांनी त्या घराघरांतून आणल्या आणि भरपूर मिळाल्या, याची मला काळजी वाटते.

२८ फेब्रुवारी

प्रदर्शन सुरू. गर्दी हळदीच्या टेबलाशी आणि काकांभोवती. कुंभारदादा सहकुटुंब आले, पात्राशेजारच्या चिठ्ठीवर आपलं नाव बघून गेले.

सातवीतल्या एका मुलीनं पात्राकडे बोट दाखवून विचारलं, यातून किती माणसं बरी होतील? ऑक्सफर्डच्या पद्धतीनं एका गंभीर रुग्णासाठी सुमारे २,००० लिटर रस लागायचा, आणि एका पात्रात मावायचा साधारण लिटरभर. ती कागद घेऊन बसली. शंभर पात्रं एकावेळी भरली तर वीस वेळा भरायची, तेव्हा एक माणूस. तिचा कागद फलक ४ च्या खाली लावला आहे. काकांनी त्याच्या शेजारी त्यांच्या टाकीचं गणित मांडायचं कबूल केलं आहे. १० मार्चला एच.ए.चा स्थापना दिवस, त्या दिवशी ते जुन्या पाळीतल्या मंडळींना घेऊन येतील. तोवर बरणीतली मोसंबी बदलायची आणि इथाइल अ‍ॅसिटेट आणून ठेवायचं.